मिश्र रसायनांचा संयुक्त परिणाम आणि आरोग्यधोक्याचे मापन

पनवेल तालुक्यातील सुकापूर हे गाव आता नवीन पनवेलच्या वस्तीला भिडले आहे. तळोजा औद्योगिक क्षेत्र याच तालुक्यात असून मुंबई-पुणे मार्गाची वाहतूकही जवळूनच जाते. अशा परिसरात राहणारा मनुष्य एका वेळी एकच द्रव्य श्वासावाटे घेत नाही. धूलिकण, गंधक व नत्र यांची ऑक्साइडे आणि इंधनातील बेंझीन-टोल्यूइनादी बाष्पे एकाच श्वासात त्याच्या शरीरात जातात.

मानके मात्र द्रव्यागणिक निरनिराळी ठरविलेली असतात. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत १२ प्रदूषकांचा अंतर्भाव असून बेंझीनची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. २०१५ पासून प्रसिद्ध होणाऱ्या वायुगुणवत्ता निर्देशांकात प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक काढतात आणि त्यांतील सर्वांत मोठा आकडा हाच त्या स्थळाचा निर्देशांक मानतात. परिणामी, एकच प्रदूषक वाढलेले गाव आणि चार प्रदूषके तितकीच वाढलेले गाव यांचा आकडा सारखाच येऊ शकतो. संयुक्त परिणामाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो.

या प्रश्नाची सैद्धांतिक मांडणी जुनी आहे. १९२६ मध्ये लोव्हे व मुइशनेक यांनी मात्रांच्या बेरजेचा विचार मांडला. दोन द्रव्ये एकाच रीतीने कार्य करीत असतील, तर एक द्रव्य दुसऱ्याचेच सौम्य रूप होय असे समजून त्यांच्या मात्रा मिळविता येतात. १९३९ मध्ये ब्लिस यांनी, भिन्न रीतीने कार्य करणाऱ्या द्रव्यांसाठी, स्वतंत्र परिणामांच्या संभाव्यतेवर आधारलेली दुसरी पद्धत सांगितली.

पहिल्या विचारातूनच 'धोका-निर्देशांक' ही व्यवहारोपयोगी पद्धती निघाली. प्रत्येक द्रव्याच्या प्रत्यक्ष मात्रेला त्याच्या सुरक्षित मात्रेने भागावयाचे आणि येणाऱ्या भागाकारांची बेरीज करावयाची. उदाहरणार्थ, मज्जासंस्थेवर परिणाम करणाऱ्या तीन बाष्पांचे भागाकार ०.४, ०.४ व ०.५ आले, असे मानू. प्रत्येक आकडा १ च्या आत असल्यामुळे सुटेपणी कोणतेही बाष्प आक्षेपार्ह ठरत नाही. परंतु बेरीज १.३ होते. याचा अर्थ रोग होणारच असा नव्हे, तर अधिक बारकाईने तपास करणे अगत्याचे आहे, एवढाच होय. ही बेरीज एकाच अवयवावर सारख्या रीतीने परिणाम करणाऱ्या द्रव्यांपुरतीच समर्थनीय आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

पण बेरीज नेहमीच पुरी पडते असे नाही. मिथेनॉलच्या विषबाधेत इथेनॉल देतात, कारण यकृतातील एकाच विकरासाठी दोहोंत स्पर्धा होऊन मिथेनॉलपासून विषारी द्रव्ये तयार होण्याचे लांबते. येथे संयुक्त परिणाम घटतो. याच्या उलट, प्रोफेनोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके शरीरातील कार्बोक्सिलएस्टरेज या विकरास निष्क्रिय करतात. सायपरमेथ्रिनचे विघटन मुख्यत्वे याच विकरामुळे होत असल्याने त्याचा विषारी प्रभाव वाढतो.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. संरक्षक साधनांचा अभाव आणि उंच वाढलेले पीक ही कारणे होतीच; त्यांशिवाय अनेक औषधे एकत्र कालवून फवारण्याची प्रथाही चर्चेत आली. त्यानंतर राज्य शासनाने विदर्भातील पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली. त्यांपैकी एक, प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन यांचे तयार मिश्रणच होते.

सुकापूरसारख्या ठिकाणी खरी उणीव सूत्राची नसून मापनाची आहे. धूलिकणांचे आकडे मिळतात. बाष्पांचे, त्याच स्थळी व त्याच वेळी घेतलेले आकडेही हवेत, कारण वेगवेगळ्या दिवशीच्या नोंदींची बेरीज निरर्थक ठरते. वारा, भरती-ओहोटीमुळे पाण्यात होणारे बदल, विहिरींचे पाणी व व्यवसायातील संपर्क यांचीही एकत्र नोंद झाली पाहिजे. अशी नोंद नसताना प्रत्येक द्रव्य मर्यादेत आहे, एवढ्यावरून तेथील रहिवासी सुरक्षित आहेत असा निष्कर्ष काढणे शास्त्रसंमत होणार नाही; त्याचप्रमाणे ते धोक्यात आहेत असे निश्चयाने म्हणणेही नव्हे.