धनुष्य आणि अरण्य (लेखांक सहावा) : सरावाचा बाण, शिकारीचा बाण

गेल्या लेखांकात कंपाउंड धनुष्याची, म्हणजे टोकांना चाके बसविलेल्या त्या नव्या धाटणीच्या धनुष्याची, हकीकत सांगताना मिसूरी राज्यातील होलेस विल्बर ॲलन यांना १९६९ साली मिळालेल्या पेटंटापाशी आपण थांबलो होतो. साताऱ्याच्या अदिती स्वामी हिने २०२३ साली बर्लिन येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले ते याच जातीच्या धनुष्यावर. परंतु तिच्यासारख्या क्रीडापटूच्या आणि अमेरिकेतील धनुर्धारी शिकाऱ्याच्या स्थितीत एक मूलभूत अंतर आहे. क्रीडापटू ज्या जातीच्या बाणांनी सराव करतो त्याच जातीच्या बाणांनी सामन्यात उतरतो. शिकारी मात्र उन्हाळाभर एका टोकाचा बाण सोडतो आणि शरद ऋतूत, ज्या एका क्षणासाठी हा सारा खटाटोप केला त्या क्षणी, दुसऱ्याच टोकाचा बाण प्रत्यंचेवर चढवितो. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस मज्जाव केला असल्यामुळे हा प्रश्न आपल्या अंगणातला नाही. तथापि त्यात पदार्थविज्ञान आणि मुक्या प्राण्याविषयीचे उत्तरदायित्व यांचा जो गुंता आहे, तो बारकाईने उकलून पाहण्यासारखा आहे.

केवळ धनुष्यबाणाने हरिण मारण्याचा स्वतंत्र हंगाम अमेरिकेत प्रथम विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली मंजूर केला. पांढऱ्या शेपटीचे हरिण हे तेथील मुख्य सावज. बाण हा गोळीप्रमाणे आघाताने मारीत नाही, रक्तस्रावाने मारतो. म्हणून त्याच्या टोकाला ब्रॉडहेड नावाचा, वस्तऱ्याच्या धारेचा, दोन, तीन किंवा चार पात्यांचा फाळ लागतो, आणि तो हृदय व फुप्फुसे यांच्या सुमारे आठ-दहा इंच व्यासाच्या भागातच शिरावा लागतो. चार बोटे मागे सरकून तो पोटात शिरला, तर जनावर जखम घेऊन झाडीत नाहीसे होते आणि तासन्‌तास यातना भोगत मरते. नेमातली इंचभर तफावत खेळात गुणसंख्या घटविते. येथे तिची किंमत दुसरा जीव देतो, आणि म्हणूनच या विषयातली हयगय मला अक्षम्य वाटते.

सरावासाठी वापरतात ते फील्ड पॉइंट नावाचे निमुळते, बोथट पोलादी टोक. ते स्वस्त असते, गवताच्या वा फोमच्या लक्ष्यातून सहज उपसता येते आणि लक्ष्य फाडीत नाही. या टोकावर आणि ब्रॉडहेडवर बहुधा एकच वजन, १०० किंवा १२५ ग्रेन, छापलेले असते (पौंडाचे ७,००० ग्रेन होतात), आणि तेवढ्या छापील आकड्यावर विसंबून अनेक जण दोन्ही बाण समान मानतात. फसगत होते ती येथेच. प्रत्यंचा सुटली की बाण काठीसारखा सरळ निघत नाही. मागून बसणाऱ्या रेट्याने तो वाकतो आणि डावी-उजवीकडे लवत पुढे जातो. क्लॅरेन्स हिकमन या पदार्थवैज्ञानिकाने १९३० नंतरच्या दशकात अतिवेगवान छायाचित्रणाच्या साह्याने ही थरथर दृश्य करून दाखविली. मागची पिसे वाऱ्याचा रोध घेऊन ती शमवितात व बाणाला मार्गावर आणतात. फील्ड पॉइंटला वारा पकडण्याजोगा पृष्ठभागच नसल्यामुळे पिसांचे राज्य निर्वेध चालते. ब्रॉडहेडची पाती मात्र गुरुत्वमध्याच्या पुढे बसविलेले पंखच होत, आणि बाण किंचित तिरपा निघाला असेल तर वारा त्यांच्यावर दाब देऊन तो तिरपेपणा वाढवू पाहतो. पिसे एकीकडे ओढतात, पाती दुसरीकडे. परिणामी, धनुष्याच्या ठेवणीतला जो दोष फील्ड पॉइंट महिनोन्‌महिने पोटात घालतो, तोच ब्रॉडहेड पहिल्या दोन-तीन बाणांत चव्हाट्यावर आणतो.

आता वजनाचा आणि ताठरपणाचा हिशेब पाहू. लाकडी बाणांच्या काळात एका संचातले दोन बाणही सारखे वाकत नसत. लाकडाच्या या लहरीपणाला कंटाळूनच डग ईस्टन यांनी १९३९ साली ॲल्युमिनियमचे बाण घडविण्यास आरंभ केला. आज बाणाचा ताठरपणा, ज्यास स्पाईन म्हणतात, तो ठरीव रीतीने मोजतात: २८ इंच अंतरावरील दोन टेकूंवर बाणाची नळी आडवी ठेवून मध्यभागी १.९४ पौंडांचे वजन टांगावयाचे आणि ती किती लवते ते पाहावयाचे. ०.४ इंच लवली तर तिच्यावर ४०० हा अंक पडतो. अंक जितका लहान, तितकी नळी ताठ. टोक जड केले किंवा नळी लांब ठेवली, तर तीच नळी उड्डाणात अधिक लवते. सबब सरावाला १०० ग्रेनचे टोक आणि शिकारीला १२५ ग्रेनचे, ही तजवीज मुळातच चुकीची. शिवाय बाण जड झाला की मंदावतो. चारशे ग्रेनचा बाण सेकंदाला २६० फूट वेगाने जात असेल आणि वीस ग्रेन वाढल्यामुळे तो वेग २५५ वर आला असेल, तर हवेचा रोध न धरताही ३० यार्डांवर तो सुमारे एक इंच खाली लागतो. ही चूक निदान गणिताच्या आटोक्यात येते. पात्यांमुळे होणारी बाजूची फेक तशी येत नाही.

म्हणून विवेकी शिकारी एकाच संचातले बाण घेतो: नळी, लांबी, पिसे आणि खाच एक, प्रत्येक टोक बारीक तराजूवर तोललेले, कारण छापील शंभरातले दोन-तीन ग्रेन कमी-अधिक निघू शकतात. ब्रॉडहेड बसविल्यावर तो बाण टोकावर उभा करून बोटांनी फिरवितो. फाळ डगमगताना दिसला, तर तो किंवा त्याची बैठक वाकडी आहे असे समजून तो बाण बाजूला काढतो. प्रत्येक नळीवर क्रमांक घालून कोणता बाण कोठे लागतो याची टिपणे ठेवणे हेही त्याच शिस्तीत येते, कारण एखादाच बाण नेहमी बाहेर पडत असेल तर दोष हाताचा नसून त्या बाणाचा असतो. सरावात बोथटलेली पाती मात्र शिकारीला न्यावयाची नाहीत. एक फाळ सरावासाठी राखावा आणि त्याच बनावटीचे, त्याच वजनाचे कोरे फाळ हंगामासाठी.

हंगामापूर्वी काही आठवडे दोन्ही टोकांचे बाण एकाच अंतरावरून आळीपाळीने सोडून पाहावेत. ब्रॉडहेडांचा पुंजका फील्ड पॉइंटांच्या पुंजक्यापासून डावीकडे पडला, तर पुष्कळ जण नेमाची खूण सरकवून मोकळे होतात. मला हा उपाय अपुरा वाटतो, कारण बाण तिरपा निघतो तो निघतोच, आणि अंतर बदलले की चूकही बदलते. धनुष्यावर बाण ज्यावर टेकतो तो टेकू इंचाच्या बत्तिसाव्या भागाने उजवीकडे सरकवावा, पुन्हा दोन्ही बाण सोडावेत, आणि दोन पुंजके एकत्र मिसळेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा; त्यानंतरच खुणेला हात लावावा. ब्रॉडहेड वर लागत असतील तर टेकू तितकाच खाली घ्यावयाचा. टेकू कितीही सरकविला तरी पुंजके जुळले नाहीत, तर बहुधा नळीचा ताठरपणाच त्या धनुष्याला मानवत नाही. अशा वेळी नळी कशी निवडावी, हा पुढील लेखांकाचा विषय.