पाचवीच्या परीक्षा आणि आरशातलं घड्याळ

आरशात घड्याळ ४ वाजून २० मिनिटं दाखवतंय, तर खरी वेळ कोणती? माझ्या पाचवीतल्या भाचीनं उत्तर लिहिलं, ८ वाजून ४० मिनिटं. डोंबिवलीच्या टिळकनगरात त्यांच्या घरी, जेवणं उरकून ताटं उचलल्यावर, त्याच टेबलावर आम्ही सराव संच घेऊन बसलो होतो. "बारातून चार गेले आठ, साठातून वीस गेले चाळीस," तिनं रीत सांगितली. क्लासमध्ये ११:६० मधून वजा करायला शिकवलं होतं, ते ती विसरली होती. मी पुन्हा ११:६० म्हटलं असतं, तर उत्तर तेवढ्यापुरतं बरोबर आलं असतं. त्याऐवजी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, तिच्याच उत्तराप्रमाणे ८:४० ला लावलं आणि कपाटाच्या आरशासमोर धरलं. तासकाटा आरशात तीन आणि चारच्या मध्ये दिसला. "मामा, हे तर तीन वाजून वीस झाले!" मग काटे मागे फिरवत फिरवत ती आपणहून ७:४० वर आली. वीस मिनिटं गेली, प्रश्न एकच झाला. पण त्यानंतर आरशातल्या घड्याळाचं तिचं एकही गणित चुकलेलं मी पाहिलेलं नाही.

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात दिवाळीची सुट्टी लागली की पाचवीच्या घरांत हेच सुरू असतं. सहसा डिसेंबर-जानेवारीत नवोदय आणि सैनिक शाळा, आणि २०२५-२६ पर्यंत फेब्रुवारीत शिष्यवृत्तीही. ठाण्याच्या गोखले रोडवर नि डोंबिवलीच्या फडके रोडवर कंदील-फराळाच्या खरेदीला निघालेले आईबाप पुस्तकांच्या दुकानात थांबून सराव प्रश्नपत्रिकांचे संच घेतात. बहुतेकांशी बोलताना एक गोष्ट मला खटकत राहते. कोणती परीक्षा कोणत्या शाळेचं दार उघडते, हेच त्यांनी नीट पाहिलेलं नसतं. सगळ्या परीक्षांना मिळून ‘स्पर्धा परीक्षा’ म्हणायचं आणि पोराला सगळ्यांना बसवायचं.

शिष्यवृत्तीपासून सुरुवात करू. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. दोन पेपर, मिळून ३०० गुण. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. गणित आणि बुद्धिमत्ता प्रत्येकी १०० गुणांची, भाषा प्रत्येकी ५० गुणांच्या. आमच्या पिढीनं ती चौथी आणि सातवीत दिली. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली. २०२५ मध्ये शासनानं ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरवलं, त्यामुळे २०२५-२६ हे वर्ष चारही इयत्तांच्या मुलांचं झालं. या परीक्षेनं पैसे मिळतात, मान मिळतो. एकेकाळी पुसेगावसारख्या शासकीय विद्यानिकेतनांत चौथीच्या शिष्यवृत्तीतल्या गुणांवर मुलं निवडली जात आणि खेड्यातल्या हुशार पोरांना त्याचा फार मोठा आधार होता. ती आठवण अजून आजोबांच्या बोलण्यात येते. पहिली मोठी परीक्षा म्हणून शिष्यवृत्ती मला सगळ्यांत आवडते. आपल्या भाषेत असते, शाळेतल्या अभ्यासाला धरून असते, आणि परीक्षा संपली की मूल आपल्याच घरी, आपल्याच वर्गात परत येतं.

नवोदयचं तसं नाही. १९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून देशात दोन नवोदय विद्यालयं सुरू झाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीत. सहावीपासून निवासी शिक्षण, जिल्ह्याला एक शाळा, एका वर्षी जास्तीत जास्त ८० मुलं. जुन्या ठाणे जिल्ह्याचं नवोदय पालघरजवळच्या माहीमला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि शाळा तिकडे गेली. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २८ नवी नवोदय विद्यालयं मंजूर केली, त्यांत महाराष्ट्रातून एकट्या ठाणे जिल्ह्याचं नाव होतं. ही बातमी वाचून आमच्या इमारतीतल्या दोन घरांनी लगेच पुस्तकं आणली. मला त्यांना थांबवून एक नियम सांगावा लागला. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांच्या असतात आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झालेली लागतात. डोंबिवलीच्या किंवा नौपाड्याच्या मुलाला उरलेल्या वीसेक जागांसाठी शहरी-ग्रामीण सगळ्याच मुलांशी झगडावं लागतं. मुरबाड-शहापूरच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पोरासाठी मात्र हे दार खरंच उघडं आहे. ते त्याच्यासाठीच केलेलं आहे, आणि तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं. त्या मुलांपर्यंत अर्ज पोचवणारे, शाळा सुटल्यावर जादा तास घेणारे गुरुजी आणि बाई या जिल्ह्यात आहेत. या विषयावर लिहिताना त्यांचं नाव आधी घ्यायला हवं.

सैनिक शाळेचा रस्ता तिसराच. साताऱ्याची सैनिक शाळा देशातली पहिली, २३ जून १९६१ ला सुरू झालेली. चंद्रपूरची त्यानंतर खूप वर्षांनी, २०१९ मध्ये आली. २०२१-२२ पासून सहावीत मुलींनाही प्रवेश मिळू लागला, आणि आमच्या भाचीच्या आईच्या डोक्यात सातारा आलं ते तेव्हापासून. सहावीच्या प्रवेशाचा पेपर ३०० गुणांचा, त्यातले १५० एकट्या गणिताचे. पेपर मराठीतही देता येतो, हे कित्येकांना ठाऊकच नसतं. नवोदयच्या १०० गुणांत गणिताला २५ आणि मानसिक क्षमता चाचणीला ५०, तीही सगळी आकृत्यांची. म्हणजे साताऱ्याच्या तयारीत निम्मं बळ गणितावर, नवोदयच्या तयारीत आकृत्यांवर. एकाच मुलाला एकाच महिन्यात दोन्हीकडे ओढलं की दोन्ही अर्धवट राहतात.

आकृत्यांच्या तयारीला क्लास लागतो असं लोक म्हणतात. वर्तमानपत्राचा चौकोन कापा, दोनदा घडी घाला, पंचनं भोक पाडा आणि उलगडण्याआधी मुलाला भोकं कुठे येतील ते काढायला सांगा. चार दिवसांत मुलाला घड्या डोळ्यांसमोर दिसायला लागतात. छापील आकृतीवर दोनशे प्रश्न सोडवून जे येत नाही, ते या कागदानं येतं.

उत्तरपत्रिकेचं मात्र वेगळं शिकवावं लागतं. गोल रंगवायची ही पद्धत दहा वर्षांच्या हाताला नवी असते. अवघड म्हणून एक प्रश्न सोडला आणि त्याचा गोल मोकळा ठेवायचं भान राहिलं नाही, की पुढची सगळी उत्तरं एकेक ओळ वर सरकतात. हुशार मुलं इथे पडतात. घरी तीन-चार वेळा खऱ्या उत्तरपत्रिकेची प्रत काढून, काळ्या बॉलपेननं, घड्याळ लावून सोडवून घ्या. दर पाच प्रश्नांनी क्रमांक ताडून बघायची सवय लावा. याहून जास्त युक्त्या शिकवायची गरज नाही.

मग क्लास इतके का भरतात? उत्तर लोकलच्या वेळापत्रकात आहे. सकाळी आठच्या आधी घर सोडणारे आणि रात्री साडेआठला कल्याणला उतरणारे आईबाप चुकलेल्या गणिताशेजारी कधी बसणार? त्यांना दोष देणं मला जमत नाही. पण केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये असं म्हटलं आहे आणि आपल्याकडे तिसरी-चौथीच्या बॅचेस भरतात, हेही समोर ठेवायला हवं. साठ मुलांच्या बॅचमध्ये चूक दाखवली जाते. ती कुठून आली हे शोधायला तिथे कुणाला वेळ नसतो. रोज दोन तास शक्य नसतील तर रविवारी सकाळी अर्धा तास द्या, पण तो फक्त चुकलेल्या प्रश्नांना द्या. मुलानं बोलायचं, आपण ऐकायचं. आजी-आजोबा हे काम फार छान करतात, कारण त्यांना घाई नसते.

अकराव्या वर्षी मुलं निवडायची ही पद्धत फक्त आपली नाही. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर ती देशभर पसरली आणि पुढे बहुतेक भागांनी सोडून दिली. तरी केंट आणि बकिंगहॅमशायरमध्ये ग्रामर शाळांसाठी ती आजही चालते, आणि तिथे स्थिरावलेली मराठी घरंही ऑगस्टची सुट्टी सराव संचांत घालवतात.

निवासी शाळेचा अर्ज भरण्याआधी मुलाला विचारायचा प्रश्न मात्र गणिताचा नाही. अकराव्या वर्षी घर सोडून राहायचं आहे, हे त्याला कुणीतरी नीट सांगायला हवं. सुट्टीत शाळा दाखवून आणता आली तर फारच उत्तम. आमच्याकडे हे उशिरा सुचलं. अर्जाची तारीख जवळ आल्यावर एका रात्री बहिणीनं भाचीला समोर बसवून साताऱ्याबद्दल सगळं सांगितलं: पहाटेची पीटी, खोलीतल्या इतर मुली, घरी येण्याच्या सुट्ट्या. भाची बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत राहिली. मग म्हणाली, "परीक्षा देते. पण पास झाले तर जायचं की नाही, ते तेव्हा मला परत विचारशील ना?" बहिणीनं हो म्हटलं, आणि त्या दोघींमध्ये झालेला हा करार मी माझ्या हातानं सराव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.