हापशीवरचं शिल्प

मार्सेल द्यूशाँनं १९१३ साली स्वयंपाकघरातल्या स्टुलावर सायकलचं चाक बसवलं. हलत्या शिल्पाची सुरुवात तिथून झाली असं बरेच जण मानतात. १९९९ मध्ये मोना हातूम यांनी भाज्या किसायचं फ्रेंच यंत्र सतरापट मोठं घडवलं. बाईच्या रोजच्या हातातलं अवजार तिथे अक्षरशः अंगावर येतं. दोन्ही कामं थोर आहेत. तरी ती अवजारं वापरणारीला काय सोसावं लागतं, हे तिच्याकडून कुणी जाणून घेतलेलं नाही. बाईच्या देहाविषयी बोलणाऱ्या शिल्पानं आपली मापं तिच्याच देहावरून घ्यावीत, असं माझं ठाम मत आहे.

तसं काम बस्तरमध्ये झालं. मुंबईच्या चित्रकार-शिल्पकार नवज्योत अल्ताफ यांनी कोंडागावला शांतीबाई, राजकुमार कोर्राम आणि गेस्सूराम या आदिवासी कलावंतांबरोबर हापशांभोवती ‘नलपार’, म्हणजे पाणी भरायच्या जागेची शिल्पवजा बांधकामं, उभारले. भरलेली घागर एका दमात डोक्यावर जात नाही. बाई ती आधी कमरेपर्यंत आणते, दम घेते, मग चुंबळीवर चढवते. पंधरा लिटरची घागर म्हणजे नुसत्या पाण्याचंच पंधरा किलो वजन. नलपारच्या बांधकामात घागर मध्येच टेकवायला जागा ठेवल्या, सांडपाणी वाहून जायची सोय केली. दांडा वरखाली होतो, बाई वाकते, उठते. तिच्या या हालचालीवरूनच शिल्पाला आकार आला.

आदिलाबादकरांना हे परकं वाटू नये. केस्लापूरच्या नागोबा जत्रेत गोंडांच्या मेसराम कुळातल्या बायका घड्यांतून पाणी आणतात, तेव्हा त्याच घड्याला केवढा मान असतो! कुणी म्हणेल, हे शिल्प कसलं, हे तर गवंडीकाम. पण उपयोगी पडल्यानं कला उणावत नाही. इथल्या वोज कारागिरांचं डोकरा हे धातूचं ओतकामही घरात आणि देवापुढे वापरण्यासाठीच घडत आलं. दुसरा आक्षेप जास्त जड आहे: ओझं सुसह्य केलं की ते बाईनंच वाहायचं, हे पक्कं होतं. यात तथ्य आहे. पुरुषांनी पाणी भरावं, असं नलपार म्हणत नाही, ही त्याची उणीवच. तरीही आपली कंबर, आपली मान विचारात घेऊन काहीतरी बांधलं गेलं, हे एकदा अनुभवलेली बाई पुढचं मागायला कचरणार नाही. तेलंगणाच्या मिशन भगीरथ पाणीयोजनेनं नळ दारात आणले, तरी आत स्वयंपाकाच्या ओट्याची उंची गवंडी आणि घरमालकच ठरवतात. आदिलाबादच्या कलावंतांनी पुढचं काम त्या ओट्यापाशी, तिथे उभं राहणारीला सोबत घेऊन करावं.