लंडनच्या एका पेढीची बाग

दिवाळीचे वहीपूजन आटोपले की परदेशी स्थायिक झालेल्या मुला-नातवंडांकडे महिना-दोन महिने राहून येण्याचा प्रघात व्यापारी कुटुंबांत आता रुळला आहे. इंग्लंडला गेलेल्या वडीलधाऱ्यांचे लंडनमधील राजवाडे आणि संग्रहालये आठवडाभरात पाहून होतात. पुढे थंडी आणि लवकर मावळणारा सूर्य यांमुळे दिवस घरातच जातात. वास्तविक तेथील जुने सरदारी वाडे आणि त्यांच्या बागा पाहण्यासाठी ऑक्टोबर ते डिसेंबर हा उत्तम काळ होय. त्यांतील एक वाडा व्यापारी वाचकांना विशेष जवळचा वाटावा, कारण तो तलवारीच्या नव्हे तर खतावणीच्या बळावर उभा राहिला. विल्टशर परगण्यातील हे स्टावरहेड. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून आगगाडीने गिलिंगहॅमपर्यंत जावे. तेथून थोडे अंतर मोटारीने.

रिचर्ड होअर या सोनाराने १६७२ मध्ये लंडनमध्ये पेढी काढली. त्या काळी सोनार लोकांचे पैसे सांभाळीत, पावत्या देत आणि जवळच्या रकमेतून कर्जे देत. तेथील बँकव्यवसायाचा उगम असा आहे. रिचर्डचा मुलगा हेन्री याने १७१७ मध्ये ही जहागीर विकत घेऊन जुन्या वाड्याच्या जागी नवा बांधविला. बाग मात्र त्याच्या मुलाची, म्हणजे दुसऱ्या हेन्रीची. वडील १७२५ मध्ये निवर्तले तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता आणि पेढीचा भार त्याच्यावर आला. १७४३ मध्ये पत्नी गेली. त्यानंतरच्या वर्षांत त्याने बागेचे काम मनावर घेतले. स्टावर नदीच्या उगमाजवळचे पाणी बांध घालून अडविले, तळे केले आणि काठाने लहानमोठी मंदिरे उभारली. नावाला ती मंदिरे. पूजेसाठी कोणतेच बांधलेले नाही. रोमन देवतांच्या नावाने उभ्या केलेल्या त्या शोभेच्या वास्तू आहेत. सर्वांत मोठ्या मंदिरात, पँथिऑनमध्ये, रिसब्राक या शिल्पकाराने घडविलेली हर्क्युलिसची संगमरवरी मूर्ती आहे.

तळ्याची प्रदक्षिणा सावकाश चालत करावी. प्रत्येक वळणावर पलीकडच्या काठावरील वेगळी वास्तू समोर येते आणि मागची झाडाआड जाते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात बीच वृक्ष तांबूस सोनेरी होतात, मेपल लालभडक होतात आणि वारा पडलेला असेल तर हे सारे पाण्यात पुन्हा एकदा दिसते. हा बहर फार तर दोन-तीन आठवड्यांचा. दिवाळी उशिरा आली तर पानगळ होऊन जाते, हे तिकीट काढताना ध्यानात ठेवावे. यांतील कित्येक परदेशी झाडे पुढील पिढ्यांनी लावलेली आहेत. आज छायाचित्रांत झळकणारी रंगांची उधळण दुसऱ्या हेन्रीने पाहिलेली नाही.

त्या हेन्रीचा एकुलता हयात मुलगाही त्याच्या डोळ्यांदेखत, १७५२ मध्ये, नेपल्स येथे वारला. म्हातारपणी त्याला एकच घोर होता. पेढी बुडाली तर घर आणि बागही देणेकऱ्यांच्या हाती जाईल. भागीदारांची जबाबदारी अमर्याद होती, तेव्हा ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. त्याने नातू रिचर्ड कोल्ट होअर याला जहागीर दिली, पण अट घातली की त्याने पेढीतून बाहेर पडावे. धंदा एका शाखेकडे गेला आणि घर दुसऱ्या शाखेकडे. नातवाने आयुष्य विद्याव्यासंगात घालविले आणि विल्टशरच्या प्राचीन अवशेषांवर मोलाचे ग्रंथ लिहिले.

ही तजवीज पेढीच्या धोक्यापुरती चोख होती. मात्र घराचा सारा खर्च आता शेतजमिनीच्या खंडावर आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये शेतीला मंदी आली, तेव्हा १८८३ मध्ये वाड्यातील ग्रंथ आणि चित्रे यांचा मोठा भाग लिलावात गेला. एका जोखमीतून सोडविलेली मालमत्ता दुसऱ्या जोखमीत सापडली.

१८९४ मध्ये सहावे बॅरोनेट सर हेन्री यांच्याकडे वारसा आला. त्यांनी पत्नी अल्डा हिच्यासह ओस पडलेले घर पुन्हा मांडले. १९०२ मध्ये मधला भाग आगीत जळाला. पुष्कळ सामान बाहेर काढून वाचविण्यात आले आणि वाडा पुन्हा बांधला गेला. त्यांचा एकुलता एक मुलगा पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाइनच्या आघाडीवर जखमी होऊन डिसेंबर १९१७ मध्ये वारला. वारस उरला नाही. १९४६ मध्ये दांपत्याने वाडा आणि बाग नॅशनल ट्रस्टला दिली. पुढच्याच वर्षी २५ मार्च रोजी दोघांनीही, काही तासांच्या अंतराने, देह ठेवला.

नॅशनल ट्रस्ट ही १८९५ मध्ये स्थापन झालेली संस्था. १९०७ च्या कायद्याने तिला आपल्या मालमत्ता अविक्रेय जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. पुढे मृत्युकर जबर वाढला आणि अनेक घराण्यांना ती एकच वाट उरली. डर्बीशरमधील चॅट्सवर्थच्या दहाव्या ड्यूकने संपत्ती मुलाच्या नावे केली होती. परंतु करमुक्तीसाठी दात्याने पाच वर्षे जगणे आवश्यक होते. ड्यूक नोव्हेंबर १९५० मध्ये, मुदतीला काही आठवडेच उरले असता, वारला. कर ८० टक्के! तो फेडताना हार्डविक हॉल हा दुसरा वाडा सोडावा लागला. दानपत्राची तारीख पुढे ढकलत राहणाऱ्या कर्त्या पुरुषांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

हेच चॅट्सवर्थ नाताळात सजते. बकिंगहॅमशरमधील वॉडेस्डनही सजते. ते रॉथशील्ड या बँकर घराण्याचे, आणि तेही १९५७ मध्ये ट्रस्टकडे गेले. पूर्वी असे वाडे हिवाळ्यात बंद असत. सामानावर आच्छादने घालून साफसफाई चाले. आता काही वाडे डिसेंबरमध्ये मुद्दाम उघडतात. दालनांतून उंच नाताळवृक्ष, दारांवर पानांची तोरणे, जिन्यांवर दिवे. नाताळवृक्ष पुरातन वाटतो, पण इंग्लंडमध्ये तो घरोघर रुजला तो राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे चित्र १८४८ मध्ये छापून आल्यानंतर. वाड्यांची वेळापत्रके दरवर्षी बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

खाण्याचे पथ्य पाळणाऱ्यांनी सावध असावे. नाताळातील ‘मिन्स पाय’ सुक्या मेव्याचे असले तरी पारंपरिक कृतीत गुरांची चरबी असते; ‘ख्रिसमस पुडिंग’चेही तसेच, शिवाय त्यात ब्रँडी. उपाहारगृहातील गरम सूप बहुधा बटाटा, गाजर किंवा पार्स्निपचे. चौविहार पाळणाऱ्यांना तर डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्यास्त गाठतो. घरून नेलेला डबा दुपारी तळ्याकाठच्या बाकावर उघडावा आणि प्रदक्षिणा नंतर पुरी करावी.

परतीची गाडी वॉटर्लूला येते. तेथून पूल ओलांडून फ्लीट स्ट्रीट पायी जाण्याजोगे आहे. सदतीस क्रमांकाच्या इमारतीवर सोनेरी बाटलीचे चिन्ह दिसते. होअरांची पेढी १६९० पासून याच रस्त्यावर आहे. ती आजही त्याच कुटुंबाच्या मालकीची आहे आणि भागीदारांची जबाबदारी आजही अमर्याद आहे.