नोकरी सरकारी, करार अकरा महिन्यांचा

सरकारी दवाखान्यातून कुणाला काढत नाहीत, असं जुन्नर तालुक्यातल्या घाटघरच्या पट्ट्यात ठामपणे बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. जुन्नरचं ग्रामीण रुग्णालय असो की वाटेवरची आरोग्य केंद्रं, तिथं कायम कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी माणसंही राबतात. परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, औषधनिर्माते. त्यांचा करार ठरावीक मुदतीचा, बहुतेकदा अकरा महिन्यांचा. त्यांना काढावं लागतच नाही. वार्षिक आराखड्यात पद मंजूर झालं नाही, की पुनर्नियुक्तीचा आदेश निघत नाही. कपातीची बातमी कुठे येत नाही, खुर्ची मात्र रिकामी होते. कोविडच्या लाटेत घाईने भरलेल्या अनेकांना लाट ओसरल्यावर असंच घरी बसावं लागलं.

रुग्णालय तोट्यात गेलं म्हणून माणसं कमी केली, हाही गैरसमजच. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. तिथं नफा-तोट्याचा हिशेब नसतो. प्रश्न अनुदानाचा असतो. अभियानाचा खर्च केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के उचलतं. हप्ता लांबला की आधी कंत्राटी माणसाचा पगार थकतो.

14 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने सगळे कंत्राटी कर्मचारी कायम झाले, असंही नाही. तो दहा वर्षं सेवा झालेल्यांच्या समायोजनापुरता होता, आणि त्याच्याही अंमलबजावणीसाठी ऑगस्ट 2025 मध्ये कर्मचाऱ्यांना संपावर जावं लागलं.

सगळ्यात घातक समज म्हणजे डॉक्टर असले की भागतं. भातलावणीत कुणाला फुरसं किंवा घोणस चावली, तर कोरड्या, स्वच्छ काचनळीत थोडं रक्त घेऊन ती 20 मिनिटं न हलवता ठेवतात. मग तिरकी करून बघायची: रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय, प्रतिविष लगेच द्यायला हवं. ही चाचणी पुन्हापुन्हा करावी लागते. रात्रपाळीला एकच सिस्टर असेल आणि त्याच वेळी बाळंतीण आली, तर त्या नळीकडे कोण बघणार? घाटघरहून जुन्नर सुमारे 30 किलोमीटर. पावसाळ्यात धुक्यातून तिथवर आलेल्या माणसाला आणखी पुढे धाडणं जिवावर बेतू शकतं.

मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यांत कंत्राटी किती आणि कुणाचा करार कधी संपतो, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. पुढच्या वर्षाचा आराखडा ठरण्याआधी ग्रामसभेने ते लेखी मागवावं.