बंद पडलेल्या मालिकांचा दुसरा डाव

वाहिनीने ज्यांना निकामी ठरवले, त्याच मालिका पुढे घराघरात वर्षानुवर्षे पाहिल्या गेल्या. अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ची ही कहाणी त्यातली सर्वांत बोलकी.

३ जून १९६९. अमेरिकेतील एनबीसी या वाहिनीवर त्या दिवशी ‘स्टार ट्रेक’ या मालिकेचा एकोणऐंशीवा आणि अखेरचा भाग दाखवण्यात आला. चित्रीकरण जानेवारीतच संपले होते. कलाकार आपापल्या वाटेने निघून गेले होते. मालिका चालत नाही, तिला प्रेक्षक नाही, असा वाहिनीचा हिशेब होता आणि त्या हिशेबावर तिने शेवटची रेघ मारली होती.

योगायोग पाहा. त्यानंतर दीड महिन्यात, २० जुलैला, माणूस चंद्रावर उतरला. सारे जग टीव्हीपुढे बसले होते. मालिकेत अंतराळयानाचा कप्तान झालेले विल्यम शॅटनर यांनी तो क्षण कुठे पाहिला? ट्रकवर बसवलेल्या एका छोट्याशा खोलीत. घटस्फोट झालेला, हातात पैसा नाही, गावोगावच्या उन्हाळी नाटकांत कामे करत फिरायचे आणि रात्री त्या खोलीतच पथारी पसरायची, असे ते दिवस होते. ही हकीकत शॅटनर यांनी पुढे स्वतःच सांगितली आहे.

त्या रात्री त्यांना कुणी म्हटले असते की, तुमची ही बंद पडलेली मालिका पन्नास वर्षांनंतरही लोक पाहत असतील, तर त्यांचा विश्वास बसला असता का? पण घडले तसेच. आपल्याकडेही घरातल्या मोठ्या मंडळींना आठवत असेल, ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक दिसायचा. तोच हा ‘स्टार ट्रेक’!

मेलेली मालिका जिवंत झाली ती कशी? त्याचे उत्तर एका शब्दात आहे : सिंडिकेशन.

तंबूतला सिनेमा

हा शब्द अवघड वाटतो, पण व्यवहार साधा आहे. आपल्याकडे मुंबई-पुण्यात आठवडाभरात उतरलेला एखादा चित्रपट पुढे तालुक्याच्या टॉकीजमध्ये, जत्रेतल्या तंबूत वर्षानुवर्षे चालत राहायचा. शहरातल्या निकालाशी जत्रेतल्या प्रेक्षकाला काही देणेघेणे नसायचे. अमेरिकेतील टीव्हीचेही काहीसे असेच होते.

त्या काळी तिथे एनबीसी, सीबीएस आणि एबीसी या तीन मोठ्या वाहिन्यांचे राज्य होते. रात्रीच्या मोक्याच्या वेळी देशभर काय दिसणार, हे त्या तिघी ठरवत. पण शहराशहरात स्थानिक प्रक्षेपण केंद्रेही होती. त्यांतली काही या वाहिन्यांशी जोडलेली, तर काही अगदी स्वतंत्र. दुपार, संध्याकाळ, उशिराची रात्र अशा रिकाम्या वेळा भरायला त्यांना कार्यक्रम हवे असत. निर्मिती संस्था आपली जुनी मालिका अशा केंद्रांना सुटी सुटी विकत असे. हेच सिंडिकेशन.

वाहिनीकडून मिळणाऱ्या पैशात मालिकेचा खर्च सहसा भागत नसे. निर्मात्याची खरी कमाई या दुसऱ्या विक्रीवर अवलंबून असे. मात्र त्याला एक अट होती. स्थानिक केंद्राला मालिका आठवड्यातून एकदा नव्हे, सोमवार ते शुक्रवार रोज दाखवायची असे. म्हणजे भाग भरपूर हवेत. शंभरेक भाग असले तर उत्तम. दहा-अकरा आठवड्यांत संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारी मालिका कोण घेणार?

पत्रांचा पाऊस

‘स्टार ट्रेक’चे नशीब या आकड्यातच अडकले होते.

जीन रॉडनबेरी यांनी कल्पिलेली ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. तिची निर्मिती करणारी ‘डेसिलू’ ही कंपनी विनोदी अभिनेत्री ल्यूसील बॉल यांची. नमुन्यादाखल केलेला पहिला भाग वाहिनीने नापसंत केला होता. दुसरा करून घेतला, तेव्हा कुठे मालिकेला परवानगी मिळाली. यानाच्या चमूत गोऱ्या अमेरिकनांबरोबर एक कृष्णवर्णीय स्त्री, एक आशियाई, पुढे एक रशियन अशी माणसे एकत्र काम करताना दिसत. अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध आंदोलन पेटलेले असताना हे दाखवणे साधे नव्हते. उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकल्स मालिका सोडायला निघाल्या होत्या. ‘सोडू नका, तुम्ही तिथे दिसणे महत्त्वाचे आहे,’ अशा अर्थाचे त्यांना समजावणारे गृहस्थ होते मार्टिन ल्यूथर किंग! निकल्स यांनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली.

पण प्रेक्षकसंख्येच्या यादीत मालिका मागेच राहिली. १९६७ च्या अखेरीस ती बंद होणार अशी कुणकुण लागली आणि बीजो व जॉन ट्रिंबल या चाहत्या दांपत्याने पत्रमोहीम उघडली. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे दोनशेवर विद्यार्थी फलक घेऊन एनबीसीच्या स्टुडिओवर चालून गेले. डिसेंबर ते मार्च या काळात वाहिनीकडे सुमारे १ लाख १६ हजार पत्रे आली. अखेर १ मार्च १९६८ रोजी वाहिनीला टीव्हीवरूनच जाहीर करावे लागले की, मालिका चालू राहील.

चाहते जिंकले, पण तो विजय फसवा होता. तिसऱ्या वर्षी मालिकेला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली. ज्या तरुणांनी पत्रे लिहिली, ते शुक्रवारी रात्री घरात थोडेच बसणार? खर्चालाही कात्री लागली. रॉडनबेरी यांनी रोजच्या कामातून अंग काढून घेतले आणि वर्षभरात मालिका बंद पडली.

मग ती सारी पत्रे वाया गेली का? मुळीच नाही. पहिल्या दोन वर्षांत ५५ भाग झाले होते. रोज एक दाखवला तर ते अकरा आठवड्यांत संपले असते. तिसऱ्या वर्षाने त्यांत २४ भागांची भर घातली. ७९ हा आकडा शंभराच्या आत असला, तरी रोजच्या प्रक्षेपणाला पुरेसा होता. पत्रांनी मालिकेला त्या वेळी वाचवले नाही, पण तिच्या दुसऱ्या जन्माची शिदोरी मात्र बांधून दिली.

सहाच्या बातम्या आणि स्पॉक

कायझर ब्रॉडकास्टिंग या कंपनीची काही मोठ्या शहरांत स्वतःची केंद्रे होती. तिने या मालिकेचे हक्क आधीच, १९६७ मध्ये, घेऊन ठेवले होते. १९६९ च्या शरद ऋतूत तिने मालिका रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास, इतर केंद्रांवर बातम्या चालू असताना दाखवायला सुरुवात केली. विचार सरळ होता. वडीलधारी मंडळी बातम्या पाहतात, तरुण पाहत नाहीत. त्यांना दुसरे काही तरी द्या.

हा अंदाज अचूक ठरला. शाळा-कॉलेजातून परतलेली मुले टीव्हीपुढे बसू लागली. रात्री दहाला जी मालिका त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती, ती आता जेवणापूर्वी रोज भेटू लागली. इतर केंद्रांनीही ती मागून घेतली. १९७२ पर्यंत ती अमेरिकेतील शंभरावर शहरांत आणि सुमारे ६० देशांत दिसत होती. त्याच वर्षी जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात चाहत्यांचा मेळावा भरला. काही शे लोक येतील असा अंदाज होता, आले तीन हजारांवर! १९७६ मध्ये तर चाहत्यांच्या पत्रांमुळे अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला मालिकेतील यानाचे, म्हणजे ‘एंटरप्राइज’ हे नाव देण्यात आले. हे शटल चाचणीपुरतेच होते, ते अंतराळात कधी गेले नाही. पण त्याच्या अनावरणाला मालिकेचे कलाकार हजर होते.

गंमत म्हणजे, मधल्या काळात डेसिलू विकत घेतलेल्या पॅरामाउंट कंपनीला हे सारे कर्जाचे ओझे वाटत होते. १९७० मध्ये तिने मालिकेचे सगळे हक्क दीड लाख डॉलर्सना रॉडनबेरी यांना देऊ केले होते. त्यांच्याजवळ तेवढे पैसे नव्हते!

इतरही अनेक

‘स्टार ट्रेक’ काही एकटी नव्हती. एका निर्जन बेटावर अडकलेल्या सात माणसांची विनोदी मालिका ‘गिलिगन्स आयलंड’ सीबीएसने तीन वर्षांनी, १९६७ मध्ये बंद केली. तिचे ९८ भाग पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी पाहिले. तिचेच निर्माते शेरवुड श्वार्ट्‌झ यांची दुसरी मालिका ‘द ब्रेडी बंच’ १९७४ मध्ये थांबली. तीसुद्धा पहिल्या प्रक्षेपणात कधी फारशी वर आली नव्हती. मुले शाळेतून घरी येण्याच्या वेळी तिचे भाग लागू लागले आणि ती घरोघरची झाली.

एबीसीने लॉरेन्स वेल्क यांचा संगीताचा कार्यक्रम १९७१ मध्ये बंद केला. त्याचा प्रेक्षक म्हातारा झाला, असे कारण होते. त्यांनी जुने भाग विकण्याऐवजी नवे भागच थेट स्थानिक केंद्रांना द्यायला सुरुवात केली आणि आणखी अकरा वर्षे, १९८२ पर्यंत, कार्यक्रम चालवला. आपल्याकडे केबल आली तेव्हा स्टार प्लसवर दिसणारी ‘बेवॉच’ आठवते? एनबीसीने ती एकाच वर्षात, १९९० मध्ये गुंडाळली होती. १९९१ पासून ती सिंडिकेशनमध्ये गेली, दहा वर्षे चालली आणि जगभर पोचली.

खुद्द पॅरामाउंटनेही हा धडा गिरवला. १९८७ मध्ये ‘स्टार ट्रेक’ची नवी आवृत्ती आणताना ती कुठल्याच मोठ्या वाहिनीला दिली नाही, थेट स्थानिक केंद्रांना दिली. तिचे १७८ भाग झाले.

नाव मिळाले, पैसा नाही

या यशाला एक कडू बाजूही आहे. रोज संध्याकाळी ज्यांचे चेहरे घराघरात दिसत होते, त्या कलाकारांच्या पदरात काय पडले?

त्या काळच्या करारांनुसार भाग पुन्हा दाखवल्याचे मानधन ठरावीक वेळांपुरतेच मिळत असे. त्यानंतर तो भाग शंभरदा दाखवला तरी कलाकाराला काही नाही. वर दुसरी कामे मिळणेही कठीण. प्रेक्षकांना त्या नटामध्ये तीच जुनी भूमिका दिसायची. रस्त्यात लोक सही मागतात, पण घरी भाडे थकलेले, अशी विचित्र अवस्था. १९७४ मध्ये अमेरिकेतील चित्रपट कलाकारांच्या संघटनेने नव्या करारात ही मर्यादा काढून टाकायला लावली. पुनःप्रक्षेपण चालू असेपर्यंत मानधन मिळू लागले. पण त्याआधी बनलेल्या मालिकांच्या कलाकारांना त्याचा उपयोग नव्हता.

‘स्टार ट्रेक’च्या मंडळींना दिलासा मिळाला तो वेगळ्या वाटेने. मेळाव्यांना त्यांना आमंत्रणे येऊ लागली. १९७९ मध्ये पहिला चित्रपट आला आणि १९९१ पर्यंत जुन्या संचाचे सहा चित्रपट झाले. निशेल निकल्स यांनी १९७७ मध्ये अमेरिकेच्या अंतराळ संस्थेसाठी, नासासाठी, देशभर फिरून स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करण्याचे आवाहन केले. मालिका १९६९ मध्येच विस्मरणात गेली असती, तर त्यांचे कोण ऐकणार होते?

दुसरी संधी

आज करमणूक मोबाइलवर आली आहे. एखादी वेबमालिका आठ-दहा भागांतच बंद होते आणि ती त्या एकाच कंपनीच्या कपाटात राहते. दुसरे कुणी ती घेऊन संध्याकाळी सहाला लावून पाहील, ही सोय कमी झाली आहे. ‘स्टार ट्रेक’ वाचली, कारण तिच्या गाठीशी पुरेसे भाग होते आणि ती विकत घ्यायला शेकडो छोटे दुकानदार होते. मालिका तीच, कलाकार तेच. बदलली ती फक्त वेळ आणि दाखवणारा.

परीक्षेत एकदा नापास झालेल्या मुलाला घरातले कुणी तरी म्हणते, ‘पुन्हा बस.’ कधी कधी तेवढ्यानेच चित्र पालटते. १३ ऑक्टोबर २०२१ रोजी विल्यम शॅटनर खरोखरीच्या यानात बसून अंतराळाच्या सीमेपलीकडे जाऊन आले. वय होते ९० वर्षे. परत उतरल्यावर त्यांचे डोळे भरून आले होते. ट्रकवरच्या त्या खोलीतून चंद्र पाहणाऱ्या कप्तानाला तिथवर पोचवले, ते बंद पडलेल्या त्या मालिकेनेच.