जुनें भिंग आणि नवा कॅमेरा



गेल्या दिवाळीच्या सुटींत आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आष्टीस माझ्या घरीं आला. हातांत कापडाची पुरचुंडी होती. तींत त्याच्या दिवंगत वडिलांच्या फोटो स्टुडिओंतील दोन भिंगें होतीं. त्यानें लग्नकार्यांत छायाचित्रें काढण्याचा व्यवसाय नुकताच आरंभिला आहे. नवीं भिंगें घेण्याइतका पैसा जवळ नाहीं. वडिलांचीं भिंगें मात्र अद्याप निर्मळ. तीं आपल्या कॅमेऱ्यास बसावीं म्हणून त्यानें टपालानें एक अडॅप्टर मागविला. अडॅप्टर बसला, भिंगही बसलें. परंतु हात-दोन हातांवरील वस्तु तेवढी स्पष्ट दिसे आणि पलीकडचें सर्व धूसर. "सर, भिंगें बिघडलीं असतील तर मोडींत देऊन टाकूं का?" असें तो विचारूं लागला. भिंगें बिघडलीं नव्हतीं. अडॅप्टरची निवड चुकली होती. ती कां चुकली, हें सर्वांस कळावें म्हणून हा लेखनप्रपंच.

शेतांत तीन इंची पाईपास दोन इंची पाईप जोडावयाचा झाल्यास आपण मध्यें रिड्यूसर घालतों. अडॅप्टर हें तसेंच एक धातूचें कडें होय. त्याच्या एका तोंडास भिंग अडकतें व दुसरें तोंड कॅमेऱ्यांत फिरवून बसवितात. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे. पाईपाचा सांधा चार बोटें लांब झाला तरी पाणी वाहतेंच. येथें मात्र सर्व कांहीं त्या लांबीवरच अवलंबून असतें.

उन्हांत बहिर्गोल भिंग धरून कागद जाळण्याचा खेळ तुम्ही केला असेल. कागद ठराविक अंतरावर असला तरच प्रकाशाचा बिंदु होतो. थोडा पुढेंमागें झाला कीं बिंदूचें वर्तुळ होतें. कॅमेऱ्यांतही असेंच घडतें. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली व डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे गृहस्थ या कलेकडे वळले. त्या काळचे कॅमेरे बहुधा लांकडी असत. भिंग एका फळीवर बसवीत आणि पेटी सरकवून किंवा भाता ताणून हवें तें अंतर साधीत. पुढें धातूचे घट्ट कॅमेरे आले, आणि भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचें अंतर प्रत्येक कारखान्यानें आपल्यापुरतें कायमचें ठरवून टाकिलें. यास आपण बैठकीचें अंतर म्हणूं.

हें अंतर निकॉनच्या १९५९ सालच्या एफ पद्धतींत ४६.५ मिलिमीटर आहे. जुन्या एम ४२ या पेंचाच्या भिंगांत सुमारें ४५.५, कॅननच्या १९८७ सालच्या ई-एफ पद्धतींत ४४, परंतु त्याच कंपनीच्या १९७१ सालच्या एफ-डी पद्धतींत ४२. अलीकडील आरसाविरहित कॅमेऱ्यांत मधला आरसा काढून टाकिल्यामुळें तें फारच कमी झालें: सोनी-ई मध्यें १८, कॅनन आर-एफ मध्यें २० आणि निकॉन-झेड मध्यें १६ मिलिमीटर.

आतां निवडीचा नियम सोपा आहे. भिंगाच्या अंतरांतून कॅमेऱ्याचें अंतर वजा करावें. उरेल ती अडॅप्टरची जाडी. निकॉन-एफ भिंग निकॉन-झेड कॅमेऱ्यावर लावणें असल्यास ४६.५ वजा १६, म्हणजे ३०.५ मिलिमीटर. परंतु एफ-डी भिंग ई-एफ कॅमेऱ्यावर लावूं गेल्यास बाकी उणे २ येते! कडें कागदाइतकें पातळ केलें तरी भिंग २ मिलिमीटर दूरच राहणार. आणि वर्गांत शिकलेलें सूत्र मांडून पाहिल्यास ५० मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगास तेव्हां १.३ मीटरपलीकडचें कांहींच स्पष्ट दिसणार नाहीं. आमच्या विद्यार्थ्याचें असेंच झालें होतें. कंपनीचें नांव एक, म्हणजे बैठकही एक, असें तो समजला. कांहीं अडॅप्टरांत एक जादा कांच घालून ही उणीव भरून काढितात. परंतु त्या कांचेमुळें चित्राची स्पष्टता बहुधा घटते.

दुसरी गोष्ट, भिंगाचें छिद्र लहानमोठें कसें होतें तें पाहावें. जुन्या भिंगांवर त्यासाठीं फिरतें कडें असतें, म्हणून त्यांस साधा अडॅप्टर पुरतो. ई-एफ भिंगांचें छिद्र विजेच्या संकेतानें चालतें. त्यांस विद्युत्-संपर्क असलेलाच अडॅप्टर पाहिजे. तिसरी गोष्ट घडणीची. बसविल्यावर भिंग हलतां कामा नये आणि कड्याची आंतली बाजू काळी व चकाकी नसलेली असावी. जाडींत दशांश मिलिमीटर अधिक झाला तरी त्याच ५० मिलिमीटरच्या भिंगाची दृष्टि सुमारें २५ मीटरांवर थांबते. म्हणून घेतांच चंद्रावर किंवा दूरच्या टेंकडीवर रोखून पाहावें. स्पष्ट न दिसल्यास परत करावा. कोणतेंही कडें जोर लावून फिरवूं नये.

ज्यांच्या घरीं जुना आग्फा क्लिक किंवा दोन भिंगांचा याशिका-मॅट आहे, त्यांनीं मात्र या खटपटींत पडूं नये. त्यांचीं भिंगें निघत नाहींत.

असो. त्या मुलास मीं कागदावर वजाबाकी मांडून दिली. महिन्याभरानें त्यानें आपल्या मित्राचा आरसाविरहित कॅमेरा व त्यास योग्य असा अडॅप्टर मिळविला आणि वडिलांच्या भिंगांतून पहिलें छायाचित्र आपल्या आईचें काढिलें. मागचें कडुनिंबाचें झाडही पानापानांसह स्पष्ट आलें आहे. पालकांस एवढीच विनंति, कीं घरांतील जुनी वस्तु मोडींत देण्यापूर्वीं ती खरोखर निकामी आहे, कीं आपलेंच माप चुकलें आहे, हें एकवार पाहावें.